पुनवेचा उपास

"आज माझा उपास आहे," सुदाम म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. साळव्यांच्या घरात छप्पन सालानंतर उपास उरलाच नव्हता. बाप धोंडिबानं देव फडक्यात बांधून नदीत सोडले तेव्हा शनिवार, संकष्टी, एकादशी सगळं त्याच गाठोड्यात बांधलं होतं. जन्मभर उपाशी राहिलेल्यानं वर आणि उपास कसला धरायचा, असं तो पुढं कैक वर्षं भेटेल त्याला विचारायचा. आणि त्याच धोंडिबाचा हा मुलगा, अंबरनाथच्या पाणीपुरवठा ऑफिसातला कारकून, वय वर्षं अडतीस, भर दुपारच्या सुट्टीत उपासाचं नाव घेऊन बसला होता. त्याच्या टेबलावर सुकऱ्यानं फडकं उघडलं होतं. आत नव्या तांदळाच्या दोन भाकऱ्या, लाल तिखटातली सुकट, पानात बांधलेले उकडलेले वाल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. सुकऱ्या म्हणजे पाइपलाइनवरचा व्हॉल्व्हमन. बारवीकडच्या डोंगरातल्या आदिवासी वाडीत राहणारा, खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी टाकून मैलोन् मैल पाइपाच्या कडेनं चालणारा. त्याच्या घरी नवा तांदूळ पहिल्यांदा शिजतो त्या दिवशी तो आधी देवाला दाखवायचा, मग घरच्यांनी खायचा आणि घरच्यांतलं कुणी लांब असेल तर त्याला भाकर पोचवायची, अशी रीत. "नव्याचं हाय, भाऊ," तो म्हणाला होता. "जिवली म्हनली, भाऊचा वाटा आधी काढ." जिवली म्हणजे त्याची बायको. पलीकडच्या टेबलावरून हेडक्लार्क चिंतामणी आपल्या डब्यातून मान वर करून म्हणाला, "तुमच्यात कसला हो उपास, साळवे?" आता मागं फिरायला वाट नव्हती. एक खोटं पचवायला दुसरं लागतंच. "पौर्णिमेचा," सुदाम म्हणाला. "आमच्यात पौर्णिमा पाळतात." हे तसं अगदी खोटं नव्हतं, विहारात पौर्णिमेला पांढरे कपडे घालून बसणारी म्हातारी माणसं त्यानं पाहिली होती. पण सुकऱ्या साध्या चेहऱ्यानं म्हणाला, "पुनव कशी, भाऊ? पुनव जाऊन चार राती झाल्या. काल चांदवा जेवणं झाल्यावर वर आला." तो दोष देत नव्हता, काय दिसलं ते सांगत होता. मग त्याच्याच बोलण्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला. त्यानं सुदामकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं, फडक्याची चारी टोकं सावकाश जुळवून गाठ मारली. "बरं, सायेब," म्हणाला आणि गेला. चार वर्षांत त्यानं सुदामला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

सुदामच्या कानशिलांना आग लागली होती. त्याला हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून सांगणार काय? असं सांगणार होता की बाबा रे, दोन वर्षांपूर्वी माझं जे ऑपरेशन झालं ते अपेंडिक्सचं नव्हतं? सगळ्या ऑफिसला त्यानं अपेंडिक्स असंच सांगितलं होतं. अपेंडिक्सला तीन-तीन महिने रजा कोण काढतं, असं चिंतामणीनं विचारलं होतं तेव्हा 'बिघडलेलं होतं' म्हणून वेळ मारून नेली होती. खरं ते असं, की मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या होत्या, चार वर्षं रक्त जात होतं, आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी ते सगळं आतडं काढून टाकलं. मग लहान आतड्याचं टोक दुमडून त्याची आतल्या आत एक पिशवी शिवली आणि ती खाली जोडली. ती बरी होईपर्यंत तीन महिने पोटाला भोक आणि त्यावर चिकटवलेली रबरी थैली. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी बाईकडून त्यानं त्या थैलीसाठी कापडी पट्टा शिवून घेतला होता. "साईं, इतना चौडा किसलिए?" असं तिनं टेप हातात धरून विचारलं तेव्हा तो कमरेच्या दुखण्यासाठी म्हणाला होता. दुसऱ्या ऑपरेशननंतर थैली गेली, भोक शिवलं गेलं. तुम्ही नशीबवान, सगळं पुन्हा नेहमीच्या वाटेनं, असं डॉक्टर म्हणाले. नेहमीची वाट खरी, पण त्या वाटेवर दिवसातून आठ वेळा जावं लागायचं, आणि तिखट खाल्लं तर बाराही. शेंगदाणे, मका, खोबरं, कडधान्याची सालं, जे जसं आत जाई ते तसंच बाहेर येई. एकदा भाजलेल्या कणसानं आतडं तुंबून दोन दिवस तो गुरासारखा ओरडला होता. मिरचीचं तर नावच नको, ती जाताना अशी जाळत जाई की डोळ्यांत पाणी यावं. भात गिळगिळीत शिजवलेला, केळं, दही, बटाटा, मीठ घातलेली पेज. "प्रत्येकाचं पोट निराळं असतं, हळूहळू एकेक खाऊन बघा," डॉक्टर म्हणाले होते. पण खाऊन बघायचं म्हणजे काय, हे त्या भल्या माणसाला कुणी सांगावं? खाऊन बघायचं तर घरी बघायचं, सुट्टीच्या दिवशी, संडासाची कडी चार पावलांवर असताना. लोक गावोगावची देवळं सांगतात तसे सुदामला बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतचे संडास तोंडपाठ होते. कुठल्या हॉटेलवाल्याला चहा घेतल्याशिवाय आत सोडवत नाही, कुठल्या थेटराच्या मागचं दार नेहमी उघडं, कुठं पाणी नाही. ऑफिसात तो उठला की हातात एखादी फाइल घ्यायचा. फाइल घेऊन चाललेल्या माणसाला कुणी कुठं चाललास विचारत नाही. साळवे कामाला वाघ आहे, सारखा फाइली घेऊन फिरत असतो, असं नव्या साहेबानं त्याच्या गोपनीय अहवालात लिहिल्याचं ऐकिवात होतं.

ऑपरेशनच्या वेळी इस्पितळानं दोन बाटल्या रक्त मागितलं होतं, म्हणजे दोन माणसं आणा. एका बाटलीला मेहुणा तयार झाला. दुसऱ्या बाटलीसाठी बायको कुंदा ऑफिसात येऊन उभी राहिली, तेव्हा कुणाला साखरेचा त्रास निघाला, कुणाच्या घरी पाहुणे, आणि चिंतामणीनं तर रक्त बघितलं की आपल्याला भोवळ येते असं सांगितलं. सुकऱ्या तेव्हा दारात चावी टेकवून उभा होता. त्यानं फक्त विचारलं, "माझं चालंल का, वहिनी?" खाकी कपड्यांतच तो गेला. रक्त दिल्यावर तिथं चहा आणि बिस्किटांचा पुडा देतात, त्यातला चहा प्यायला आणि पुडा पोरीसाठी, सोनीसाठी, खिशात घालून आणला. सुदामला त्याचंच रक्त चढवलं की कपाटातलं दुसऱ्याच कुणाचं, हे देव जाणे, म्हणजे डॉक्टर जाणे. पण सुकऱ्याच्या हिशेबी तेच. तेव्हापासून सुदाम त्याचा भाऊ झाला. वाडीवर सगळ्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं की ऑफिसातल्या एका भाऊच्या अंगात माझं रगत हाय. दोन वर्षांत त्यानं तीनदा जेवायला बोलावलं, तिन्ही वेळा सुदामनं काहीतरी कारण काढलं. कधी मुलगी आजारी, कधी रविवारचं काम. मग सुकऱ्यानं ओळखलं असेल की भाऊला चालवत नाही एवढं, डोंगराची वाट आहे, आणि म्हणून त्यानं भाकरच इकडं आणली. ती त्यानं नव्या फडक्यात बांधून आणली होती, हे सुदामला आत्ता आठवलं, गाठ सुटत नव्हती इतकं ते कोरं होतं.

धोंडिबाचा एक नियम होता. तरुणपणी तो कापणीला जायचा तेव्हा दुपारी मालकीण भाकर वरून टाकायची आणि यांनी खाली पदर किंवा धोतराचा सोगा धरून ती झेलायची. हात लागू नये म्हणून. नव्या धर्मात आल्यावर त्यानं पोरांना शिकवलं ते एवढंच, बाकीचे पाठ त्याला नीट म्हणता यायचे नाहीत. वरून पडलेलं झेलायचं नाही, आणि समोर बसवून वाढलेलं टाकायचं नाही. कुणीही असो, गरिबातला गरीब, बरोबरीनं बसवून त्यानं वाढलं की ताट पुसून खायचं. म्हातारा मागच्या वर्षी गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला शिरगावच्या मैदानात पंगती बसल्या, सुदाम वाढत राहिला, पाणी देत राहिला, पत्रावळी उचलत राहिला, पण बसला नाही. मटणाचा रस्सा आणि सकाळपासूनची धावपळ, आणि मंडपाच्या आसपास कुठं आडोसा नाही. चुलता बाळाजी शेवटच्या पंगतीला मोठ्यानं म्हणाला, "बापाच्या नावचा एक घास नाही घेतला पोरानं. शिकलेत ना, साहेब झालेत." सुदामनं ते ऐकलं आणि बादली घेऊन पुढं गेला. तेव्हा त्याला वाटलं होतं, बोलू द्या, चुलता आहे, आपलाच आहे, आपल्या माणसाचं बोलणं अंगाला चिकटत नाही. ते चिकटलं होतं, फक्त त्यानं बघितलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस सुकऱ्या ऑफिसात आला, पण आतपर्यंत आलाच नाही. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला त्याची चिठ्ठी द्यायला रोज यावं लागायचं. एरवी तो टेबलापाशी यायचा, कोपऱ्यातल्या माठातून पाणी प्यायचा, सोनीच्या शाळेचं काहीबाही सांगायचा. आता उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून शिपायाच्या हातात चिठ्ठी द्यायचा. "आत ये की," सुदाम म्हणाला. "पाय माखल्यात, सायेब." पाय तर रोजच माखलेले असायचे. तिसऱ्या दिवशी त्याला तहान लागली असावी. शिपाई पेला घेऊन गेला तर सुकऱ्या बाहेर गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. शिपाई गोंधळला, मग हसत त्यानं वरून धार धरली. सुदामनं आपल्या जागेवरून हे पाहिलं. पाणी सुकऱ्याच्या कोपरांवरून ओघळून पायरीवर सांडत होतं. आपल्या बापाला असं बसवणारं कुणीतरी असेल ना, त्याचंही काही नाव असेल, तोही कारकून असेल, बायकामुलं असतील, तोही वाईट माणूस नसेल. त्याच्या जागी आज आपण बसलोय. तो हातात फाइल घेऊन उठला आणि संडासात जाऊन कडी लावून नुसताच उभा राहिला.

"सांगून टाका एकदाचं," कुंदा म्हणाली. कुळगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत ती त्याचा भात वेगळ्या पातेल्यात शिजवायची, डाव उलटा धरून घोटायची. शेजारची बनूबाई एकदा म्हणाली होती की तुझा नवरा तान्ह्या पोरासारखं खातो गं, त्यावरही कुंदा हसून गप्प बसली होती. दोन वर्षं तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. चादरीखाली रबर अंथरायची, पहाटे चादर धुवायची, पण बोलली नव्हती. "काय सांगू?" तो म्हणाला. "आजाराला काय लाजायचं?" "हृदयाचा आजार असता तर सांगितला असता. छातीवर हात ठेवून सांगितला असता, लोक खुर्ची देतात." कुंदानं भात घोटायचं थांबवलं नाही. "मग राहू द्या. त्याला वाटू द्या, भाऊला माझी जात नडली." हे ती रागानं बोलली नाही, म्हणूनच ते लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकण्यासाठी दुसऱ्याचं तोंड काळं करायचं असेल तर काय करायचं, हे त्या म्हणीत कुठं सांगितलेलं नाही. शनिवारी संध्याकाळपासून सुदाम जेवला नाही. रविवारी सकाळी पिशवीत एक जादा पँट, टॉवेल आणि पाण्याची बाटली घालून निघाला. सांगायचं नाही, जाऊन जेवायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं. बापाचा नियम एकदा पाळायचा. पोट रिकामं आहे, दोन घास खायचे आणि लगेच उठायचं, हे गणित त्यानं शंभरदा केलं होतं.

रिक्षा जिथपर्यंत जाते तिथपर्यंत रिक्षानं आणि पुढं पाइपाच्या कडेनं तासभर चालून तो वाडीवर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कुडाची सहा-सात घरं. खालून एवढा मोठा पाइप गावच्या गावं पाजत गेलेला आणि वाडीत एक नळ नाही, बायका हंडे घेऊन झऱ्यावर निघालेल्या. सुकऱ्या घरी नव्हता, व्हॉल्व्ह बंद करायला गेला होता. जिवली अंगणात उडीद पाखडत होती. तिनं त्याला पूर्वी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. घोंगडी अंथरली. मग जरा घोटाळली आणि म्हणाली, "पानी चालंल का?" "चालेल," तो म्हणाला, आणि तांब्याला तोंड लावून प्यायला. जिवली बघत होती. ती नवऱ्यासारखी नव्हती, मनात काही ठेवायची नाही. "तवा सुकऱ्यानं येऊन भाकर गुरासमोर टाकली," ती म्हणाली. "मी म्हनलं, का रं? तर बोलला नाय. रातचा म्हनला, जिवली, रगत चाललं आपलं, भाकर नाय चालत." सुदामला खाली बघावं लागलं. घोंगडीवर एक मुंगी उडदाचा दाणा ओढत होती. "वाढा मला," तो म्हणाला. "भूक लागलीय." जिवलीचा चेहरा बदलला. तिनं उडदाचं सूप बाजूला केलं, सोनीला हाक मारून चुलीत काटक्या सारायला लावल्या, आणि आतून थापट्यांचा आवाज येऊ लागला.

नव्या भाताचा वास निराळा असतो. धोंडिबाच्या हातचा तो वास होता, कापणीवरून येई तेव्हाचा. सुदामपुढं भाकर आली, सुकट आली, वाल आले, ठेचा आला, आणि त्यानं पहिला घास घेतला. कित्येक महिन्यांत त्याच्या जिभेला तिखट लागलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं ते त्याला सांगता आलं नसतं. त्याला वाटलं होतं, दोन घास खाऊन थांबू, पण त्याचं पोट आणि त्याची जीभ यांचं कधीच भांडण झालं होतं आणि आज जीभ जिंकली. किती चांगलं होतं ते! खारट, झणझणीत, तांदळाची गोडी मागून येणारी. एवढ्यात सुकऱ्या आला. चावी खांद्यावरून उतरवायची विसरून तो अंगणात तसाच उभा राहिला आणि बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, भाऊला आजून एक भाकर दे." साहेब गेला होता, भाऊ परत आला होता. त्या एका शब्दासाठी सुदामनं दुसरी भाकरही खाल्ली, ठेच्यासकट, वालांच्या सालांसकट, आणि शेवटी ताट बोटानं पुसलं. इतकं सुख त्याला झालं होतं की पोटात काही हललं ते त्यानं आधी मानलंच नाही. हललं ते दुसऱ्यांदा आणि मग तिसऱ्यांदा. "निघतो," तो एकदम उठला. "बसा की जरा, चा टाकते," जिवली म्हणाली. "नको, नको. उशीर झाला." सुकऱ्या चावी घेऊन बरोबर निघाला. "तू नको येऊस," सुदाम म्हणाला. "वाट चुकाल, भाऊ," सुकऱ्या म्हणाला, जणू पाइपाच्या कडेनं चालणारा माणूस कधी वाट चुकतो.

श्रावणात आला असता तर निदान भात उभा असता, माणूस त्यात बुडून जातो. आता सगळं कापून झालेलं, धसकटांची जमीन उताणी पडलेली, मैलभर एक झुडूप नाही. सुदाम भराभर चालत होता, मग आखडून चालू लागला, मग थांबला. सुकऱ्या काहीतरी बोलत होता, सोनीला बदलापूरच्या शाळेत घालायचं म्हणत होता. सुदामच्या कपाळावर घाम आला होता. अजून शंभर पावलांवर पाइपाखालचा सिमेंटचा खांब होता, तिथपर्यंत गेलं की आडोसा. शंभरातली साठ झाली, सत्तर झाली, आणि मग सगळं आपोआप झालं. गरम. दोन्ही पायांवरून खाली, चपलेपर्यंत. ठेच्यानं लागलेली आग वेगळीच. त्यानं पिशवी छातीशी धरली होती, आत जादा पँट होती, आणि तो तसाच उभा राहिला, अडतीस वर्षांचा माणूस, उघड्या माळावर, भर दुपारी. वास यायला लागला. सुकऱ्याचं बोलणं थांबलं. मागं वळून बघायची सुदामची छाती झाली नाही. मेलो तर बरं, हे लोक उगाच म्हणतात असं त्याला तोवर वाटायचं. मग त्याला लोखंडाचा आवाज ऐकू आला. सुकऱ्यानं पाइपाच्या बुडाशी असलेल्या, आतला गाळ धुऊन काढायच्या व्हॉल्व्हला चावी लावली होती, सगळ्या अंगाचा भार देऊन फिरवत होता. पाणी फुसफुसलं आणि मग जाडजूड धार खडकावर आपटून उसळली. विनापरवाना पाणी सोडलं तर मेमो मिळतो. तसले चार मेमो सुदामनं स्वतःच्या हातानं टाइप केले होते. "पानी हाय," सुकऱ्या म्हणाला. "धुवा निवांत." आणि तो पाठ करून, वाडीच्या वाटेकडं तोंड करून उभा राहिला, कुणी येत असेल तर अडवायला.

पाणी बर्फासारखं गार होतं. सुदामनं धुतलं, पँट बदलली, जुनी पिळून पिशवीत घातली, आणि सुकऱ्याच्या पाठीकडं बघत बोलायला लागला. तोंडाकडं बघून त्याला बोलता आलं नसतं. आतडं, जखमा, पिशवी, थैली, पट्टा, आठ वेळा, कणीस, पुण्यानुमोदनाचं जेवण, सगळं. धारेच्या आवाजात त्यातलं निम्मं सुकऱ्याला ऐकू गेलं असेल. बोलून संपल्यावर सुकऱ्यानं येऊन व्हॉल्व्ह बंद केला. मग म्हणाला, "मंग खाल्लं कशाला, भाऊ?" सुदाम म्हणाला, "तू साहेब म्हणालास म्हणून." सुकऱ्यानं चावीचं टोक जमिनीत रुतवलं, पुन्हा काढलं. "म्या बी येडाच," तो म्हणाला. "जिवलीला सांगू?" आणि एवढं सगळं झाल्यावरही सुदामच्या तोंडून निघालं, "नको. कुणालाच नको." सुकऱ्यानं मान हलवली. रस्त्यापर्यंत तो बरोबर आला, पिशवी त्यानं सुदामच्या हातातून काढून घेऊन स्वतः धरली होती. रिक्षात बसल्यावर सुदामला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्या 'नको'चं ओझं नवं होतं.

सोमवारी दुपारी सगळ्यांचे डबे उघडले तेव्हा सुकऱ्या दारात आला. उंबऱ्याशी घटकाभर थांबला, मग आत आला, सरळ सुदामच्या टेबलाशी, आणि त्यानं ॲल्युमिनियमचा डबा समोर ठेवून झाकण काढलं. पेज होती. नव्या तांदळाची, पांढरी, वर मिठाचे खडे अजून विरघळत होते. "जिवलीनं दिली," तो हळू आवाजात म्हणाला. "म्या तिला काय सांगितलं नाय. पोट नाजूक हाय एवढंच." पण चिंतामणीचे कान लांब. "अरे वा, सुकऱ्या! भाकर परत गेली म्हणून आता पेज? साळवे, आजारी-बिजारी आहात का काय? दोन वर्षं बघतोय, आमच्या डब्यातलं तर शिवतसुद्धा नाही तुम्ही." खोलीतले हात थांबले. आता काय सांगायचं, दात दुखतो, ताप आहे, सुदामचं डोकं सवयीनं कारणं शोधत धावायला लागलं आणि एकही सापडेना. सुकऱ्यानं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग चिंतामणीकडं वळून म्हणाला, "भाऊचा उपास हाय. पुनवेचा." मग चिंतामणी असा हसला की त्याला ठसका लागला. "पुनव? अरे, अवस आली चार दिवसांवर! त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात साळव्यांना शिकवत होतास ना? रानातला गडी तू आणि तुला चंद्र कळेना?" सगळे हसले, शिपाईसुद्धा. सुकऱ्याही हसला, खाली बघून, अंगठ्यानं फरशी खरवडत. "चुकलं, सायेब," तो म्हणाला. "कळंना झालंय आताशा."

ज्या माणसानं जन्मात कधी चंद्र चुकवला नव्हता तो सुदामसाठी सगळ्यांदेखत अडाणी ठरून घेत होता, आणि सुदाम पेजेच्या वाफेकडं बघत बसला होता. काल माळावर वाटली ती लाजच नव्हे, ती नुसती घाण होती, पाण्यानं गेली. लाज ही. आधी रक्त घेतलं, भाकर नाकारली, मग व्हॉल्व्हचं पाणी घेतलं, आणि आता त्याच्याकडून खोटंही घ्यायचं. घेण्याला काही अंत? "उपास नाही," सुदाम म्हणाला. आवाज फाटका निघाला म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, "उपासबिपास काही नाही. त्या दिवशी सुकऱ्याचं बरोबर होतं, खोटं मी बोललो. अपेंडिक्सही खोटं. माझं मोठं आतडं काढलेलं आहे. मला तिखट चालत नाही, शेंगदाणे चालत नाहीत, आणि दिवसातून आठ वेळा मला संडासला जावं लागतं. फाइल असते हातात, ती उगाच असते." चिंतामणीनं घास तोंडाशी नेलेला होता, तो त्यानं तसाच डब्यात ठेवला. कुणाला हसू आलं असेल, कुणाला किळस आली असेल, सुदामनं वर बघितलं नाही. त्याचे कान इतके तापले होते की त्याला पंख्याचा वारा त्यांच्यावर वेगळा जाणवत होता. शेजारची रिकामी खुर्ची त्यानं पायानं ओढली. "बस, सुकऱ्या." सुकऱ्या खुर्चीच्या कडेवर बसला, चावी गुडघ्यांत धरून. सुदामनं डब्याच्या झाकणात अर्धी पेज ओतून त्याच्यापुढं सरकवली आणि उरलेली डब्याला तोंड लावून प्यायला. ती कोमट होती, मीठ बरोबर होतं.

अर्ध्या तासानं तो उठला. फाइल टेबलावरच राहू दिली.